वजनाला ठेवलेला नवरा

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कॉम्प्युटरमधलं मला कळतं! हे मी म्हणत नाही, आमचं पाणीपुरवठ्याचं अख्खं कार्यालय म्हणतं. सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चिमट्यानं अलगद बाहेर काढला, त्या दिवसापासून कोणाचंही काही बंद पडलं की हाक मलाच येते. मी जातो, यंत्र बंद करतो, मनात वीस आकडे मोजतो आणि पुन्हा चालू करतो. दहातली नऊ दुखणी तेवढ्यानं बरी होतात. दहाव्याला मी गंभीर चेहरा करून "मदरबोर्ड" म्हणतो आणि चहाला निघून जातो.

तर अशा माणसानं नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा तो विचार करूनच घेतला असणार, हे तुम्हीही मान्य कराल. जुना नऊ वर्षांचा होता. झाकण उघडताना कुरकुरायचा, पण उघडायचा. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं नवं मॉडेल बाजारात आलं होतं. "संपूर्ण नवी रचना!" असं दुकानाच्या काचेवर लिहिलेलं होतं. मी आत शिरलो आणि अर्ध्या तासात खोका घेऊन बाहेर आलो.

जुना मी मेहुण्याला देऊन टाकला. बायकोचा हा धाकटा भाऊ शाळामास्तर आहे. पाठीचा मणका सरकल्यामुळे दोन महिने पलंगावर सक्तीची विश्रांती, आणि गाव आमच्यापासून आठ तासांवर. मी स्वतः पार्सल करून पाठवला.

"अहो, नवा नीट चालतोय का ते आधी आठवडाभर बघा. मग द्या ना," बायको म्हणाली होती.

"अगं, नव्याला काय बघायचं? नवा आहे तो!"

नवा होता, यात वादच नाही. इतका नवा होता की त्याच्यात ओळखीचं काही उरलंच नव्हतं. जुन्याला दोन्ही अंगांना मिळून सात भोकं होती. याला दोन, तीही एकाच बाजूला आणि दिसायला जुळ्या बहिणींसारखी. त्यातल्या एकीतून चार्जिंग होतं, दुसरीतून होत नाही. कुठली कुठली, ते रोज नव्यानं शोधायचं. माऊस लावायला पाच भोकांची वेगळी डबी घ्यावी लागली. ती डबी तापते, म्हणून तिच्याखाली बशी ठेवावी लागते. जुन्यात खोडायची कळ जिथे होती, तिथे नव्यात यंत्र बंद करायची कळ आली. पहिल्या दिवशी मी एक चुकलेलं अक्षर खोडायला गेलो आणि अक्षरासकट सगळंच गेलं! मग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच त्या कळीवर चिकटपट्टीनं बसवलं. आता कळ दाबली जात नाही. लॅपटॉप चालू करायचा झाला की बूच काढायचं, एवढंच.

आणि कॅमेरा! पूर्वी तो स्क्रीनच्या वर असायचा. नव्या रचनेत तो खाली आलाय, स्क्रीन आणि कळा जिथे मिळतात त्या बिजागरीजवळ. मी दुकानदाराला फोन केला.

"वरची कडा काढून टाकली ना सर, म्हणून तो खाली घेतलाय."

"कडा का काढली?"

"लोकांना कडा आवडत नाहीत, सर."

मला कडेबद्दल कोणी विचारलेलं नव्हतं. पण त्या कॅमेऱ्यासमोर बसलं की समोरच्याला आधी आपली हनुवटी दिसते, मग दोन नाकपुड्या आणि मग छताचा पंखा. डोळे दिसले तर नशीब. पण मला कोणाला तोंड दाखवायचंय, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, बायकोला पत्र आलं.

बायको एका शाळेच्या ग्रंथालयात पंधरा वर्षं सहायक आहे. शहराच्या सार्वजनिक वाचनालयात मुख्य ग्रंथपालाची जागा निघाली होती, आणि अशी जागा निघते एकदा आणि मग दहा-दहा वर्षं भरलेली राहते. तिनं गुपचूप अर्ज केला होता. शेवटच्या चार जणांत तिचं नाव होतं. गुरुवारी अकरा वाजता मुलाखत, व्हिडिओवर. उमेदवारानं वाचनालयाची नवी मांडणी कशी करणार याचा आराखडा स्क्रीनवर दाखवायचा, म्हणून फोन चालणार नाही, लॅपटॉपच हवा, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी पत्र घडी करता करता म्हणाली, "अहो, ही जागा मला हवीय हो. फार हवीय." एवढंच बोलली आणि कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

"काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तांत्रिक बाजू माझ्याकडे!"

त्या रात्री ती लॅपटॉपसमोर बसून पाहू लागली. स्क्रीनवर हनुवटी, नाकपुड्या, पंखा.

"ही मी?" ती म्हणाली.

"थोडी मान खाली घे."

"मान खाली घातली तर मी काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. त्यापेक्षा हा जरा वर ठेवला तर?"

"अगं, प्रश्न उंचीचा नाहीये! प्रश्न दिशेचा आहे. कॅमेरा वर असायला हवा, तो खाली आहे. म्हणजे काय करायला हवं?"

"शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागायला हवा."

"शेजारी माझ्याकडे विचारायला येतात! मी त्यांच्याकडे मागू?"

ती उठून झोपायला गेली. मी मात्र विचार करत पडलो आणि मंगळवारी सकाळी दात घासता घासता मला सुचलं. कॅमेरा खाली आहे ना? मग लॅपटॉपच उलटा करायचा! खालचा कॅमेरा आपोआप वर!

आता उलटा लॅपटॉप उभा कशावर राहणार? पण आमच्याकडे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतीऐवजी पुस्तकांची लोखंडी मांडणी आहे, पाठ नसलेली. मी तिचा मधला कप्पा रिकामा केला. लॅपटॉप उघडून त्याचा कळांचा भाग त्या कप्प्याच्या वरच्या फळीवर पालथा घातला, आणि स्क्रीन स्वयंपाकघराच्या बाजूनं खाली लोंबकळत सोडली. बैठकीत खुर्ची टाकून बसलं की रिकाम्या कप्प्याच्या खिडकीतून समोर स्क्रीन, आणि तिच्या वरच्या टोकाला कॅमेरा. बरोबर डोळ्यांसमोर! कळा दाबल्या जाऊ नयेत म्हणून चार कोपऱ्यांखाली चार खोडरबर. यंत्र घसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर बायकोच्या विश्वकोशाचे चार जाडजूड खंड. माऊसची वायर डबीतून, डबी बशीत, बशी साखरेच्या डब्यावर.

"हे वटवाघूळ वाटतंय," बायको म्हणाली.

"तू समोर बस तर खरी."

ती बसली. अक्षरं अर्थातच उलटी दिसत होती. ती मी सेटिंगमध्ये जाऊन सरळ केली. अक्षरं सरळ झाली तशी बायको उलटी झाली. मग व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये शोधलं, तर "चित्र फिरवा" असं बटण निघालं. दाबलं. अक्षरं सरळ, बायको सरळ, पंखा नाही, नाकपुड्या नाहीत. चेहरा काय सुरेख दिसत होता! तीसुद्धा स्वतःकडे दोन क्षण बघत राहिली.

"आता बोल!" मी म्हणालो.

"चांगलं दिसतंय," तिनं कबूल केलं. "पण समोरच्याला कसं दिसतं ते कुणाला तरी विचारून बघा."

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. बुधवारी संध्याकाळी मेहुण्याला व्हिडिओ लावला. तो पलंगावर आडवा, फोन तोंडावर धरून.

"काय रे, ताई कशी दिसतेय?"

फोन जरा हलला. मग तो म्हणाला, "झकास भावजी! एकदम बातम्या देणाऱ्या बाईसारखी."

झालं! आणखी काय हवं?

एकच अडचण उरली होती. माऊस हलवला की मांडणी थोडी थरथरायची आणि लॅपटॉप इंचाइंचानं स्वयंपाकघराकडे सरकायचा. त्यावरही उपाय होता. मुलाखत संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात उभं राहून विश्वकोश वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचा. मी कॅमेऱ्याच्या पाठीमागे, त्यामुळे दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मी कपडेही बदलले नाहीत. वर बनियन, खाली रेघांचा पायजमा.

गुरुवार. अकरा वाजता पडद्यावर तिघं आली. माझ्या बाजूला स्क्रीनची पाठ, त्यामुळे मला फक्त आवाज येत होते. निवड समितीच्या अध्यक्षबाई, एक प्राध्यापक आणि वाचनालयाचे चिटणीस.

"नमस्कार," बायको म्हणाली.

पलीकडे कुजबुज झाली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "नमस्कार. मॅडम, आपण... ठीक आहात ना?"

"हो, अगदी."

"बसायला वगैरे काही त्रास नाही ना होत?"

"नाही, खुर्ची चांगली आहे."

"खुर्ची!" प्राध्यापक हळूच कुणाला तरी म्हणाले.

मला त्या लोकांचं फार कौतुक वाटलं. उमेदवाराची किती ही काळजी!

"आपल्याला हवं असेल तर दोन मिनिटं थांबू," चिटणीस म्हणाले. "रक्त... म्हणजे, दडपण वगैरे आलं असेल तर."

"नाही, मला आता सवय झालीय. पंधरा वर्षं हेच तर करतेय."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा, उचलल्याचा आवाज. मग अध्यक्षबाईंनी घसा साफ केला आणि पहिला प्रश्न विचारला.

आणि बायको बोलायला लागली. काय बोलली हो! पुस्तकं वाचकाच्या हाताला लागली पाहिजेत, कपाटाची कुलपं कोणाच्या सोयीसाठी असतात, म्हाताऱ्या माणसांना खालच्या फळीवरचं वाकून काढता येत नाही म्हणून त्यांच्या आवडीचं मधल्या फळीवर हवं. बावीस वर्षं जिच्याबरोबर जेवतोय ती ही बाई, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं! विश्वकोश दाबून धरलेल्या माझ्या हातांना मुंग्या आल्या, पण मी हललो नाही.

इतक्यात तिच्या हातातून पेन्सिल पडली. "माफ करा हं, पेन्सिल पडली," असं म्हणून ती वाकली.

"अहो, अहो, सांभाळा!" प्राध्यापक ओरडले.

"मॅडम!" अध्यक्षबाईंचा धीर सुटला. "आता मात्र विचारलंच पाहिजे. तुमची पेन्सिल वर गेली आणि तिच्यामागे तुम्हीही गेलात! तुम्ही छताला बसला आहात का?"

मी विश्वकोश आणखी जोरात दाबला.

"आम्हाला आधी वाटलं आमच्याच यंत्राचा दोष आहे," चिटणीस अजिजीनं म्हणाले. "म्हणून आम्ही काही बोललो नाही. आमचाही नवाच आहे."

मग कप्प्याच्या खिडकीतून, स्क्रीनच्या बाजूच्या फटीतून बायकोचा आवाज आला.

"अहो."

या "अहो"चे अनेक प्रकार मला ठाऊक आहेत. बाजारात जायचं असतं तो वेगळा, पाहुणे आलेत तो वेगळा. हा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"समितीला मी उलटी दिसतेय."

"शक्यच नाही! तुझा भाऊ म्हणाला..."

"तो लॅपटॉप काढा आणि इकडे द्या."

मी खंड बाजूला केले, लॅपटॉप उचलला आणि वळसा घालून बैठकीत निघालो. तो चालूच आहे आणि कॅमेरा माझ्याकडे आहे, हे वाटेत लक्षात आलं. त्या सात पावलांत समितीनं आमचा गॅस पाहिला, धुतलेल्या ताटल्या पाहिल्या, बशीतली डबी पाहिली आणि बनियनमधला मी अगदी जवळून पाहिला.

"हे कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हे माझे यजमान," बायको शांतपणे म्हणाली. "वजन म्हणून उभे होते."

तोवर तिनं विश्वकोशाचे चारही खंड टेबलावर एकावर एक रचले होते. "ठेवा यावर. सरळ."

मी ठेवला. बिजागरी चार खंडांवर चढली, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आला. पंखा नाही, नाकपुड्या नाहीत.

"हां!" पलीकडून तिघंही एकदम म्हणाले. "आता कसं छान!"

प्रश्न उंचीचा होता.

पण आता स्क्रीनवर, मीच केलेल्या सेटिंगमुळे, सगळं उलटं दिसत होतं. समितीला बायको आणि तिचा आराखडा सरळ, आणि बायकोला समितीही उलटी, आराखडाही उलटा! मी घाईघाईनं माऊस धरला. माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळायचा, वर नेला की खाली. "एक मिनिट हं, एकच मिनिट," मी समितीला सांगत होतो, म्हणजे त्यांच्या उलट्या चेहऱ्यांना. मुलाखतीची दहाच मिनिटं उरली होती आणि ही जागा तिला फार हवी होती. मला एकदम रडू येईल की काय असं वाटलं.

"राहू द्या," बायको म्हणाली. तिनं माझ्या हातातला माऊस काढून घेतला आणि समितीकडे वळली. "मला इथून आराखडा उलटा दिसतोय. पण हरकत नाही. पंधरा वर्षं टेबलाच्या पलीकडून मुलांनी धरलेली कार्डं उलटीच वाचतेय मी. सुरू करू?"

आणि तिनं सुरू केलं! बारा पानांचा आराखडा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, एकदाही न अडखळता, मान वाकडी न करता. मधेच प्राध्यापकांनी हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "मॅडम, हे काय लिहिलंय?" तिनं तेही वाचून दाखवलं आणि त्यातली तारीख चुकलीय हेही सांगितलं. मी टेबलाखाली बसून ऐकत होतो. कॅमेऱ्यातून बाहेर पडायला तेवढीच जागा होती.

दुपारी मी मेहुण्याला फोन लावला.

"काल ताई सरळ दिसत होती ना तुला?"

"हो भावजी. आधी उलटी दिसली. मग मी फोन फिरवला."

"फोन फिरवलास?"

"मी आडवा असतो ना, स्क्रीन सारखी आपोआप फिरते, म्हणून ते बंद करून ठेवलंय. हातानंच फिरवायचं. का? काय झालं?"

मी म्हणालो, "मदरबोर्ड." आणि फोन ठेवला.

प्रोग्राममधल्या त्या "चित्र फिरवा" बटणाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, तीही मग दिसली. हा बदल फक्त तुम्हालाच दिसेल. एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरांत लिहायची कल्पनाही त्याच नव्या रचनेवाल्यांची असणार.

पुढचे आठ दिवस घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. ती शाळेत जायची, यायची. चिडली असती तरी बरं झालं असतं. मी मात्र टपालाची पेटी दिवसातून चारदा उघडत होतो. नवव्या दिवशी पत्र आलं. तिनं ते दारातच उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्या हातात दिलं आणि पाणी पिऊन येते म्हणून आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

निवड झाली होती! खाली अध्यक्षबाईंनी शाईच्या पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या. इतक्या शांतपणे काम करणारी व्यक्ती आम्हाला बऱ्याच दिवसांनी उलटी का होईना, पण दिसली. वाचनालयात याच मॉडेलचे सहा नवे लॅपटॉप आले असून सर्वांच्या नाकपुड्या दिसतात. तरी रुजू होताच त्याकडे लक्ष द्यावे.

रुजू व्हायच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. खिशात चार खोडरबर आणि बूच.

"मी येऊ का बरोबर? सहा लॅपटॉप आहेत म्हणे. हात लावायला कोणीतरी माहीतगार हवं."

ती चपला घालत होती. तिनं वर पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"नको," ती म्हणाली. "वाचनालय आहे ते. वजनाला तिथे अकरा हजार पुस्तकं आहेत."

ती जिना उतरून गेली. मी घरात येऊन लॅपटॉप उघडला आणि ही सगळी हकीकत लिहायला बसलो. आता हे तुम्ही वाचताय ती दुसरी खेप आहे. पहिली यापेक्षा बरीच चांगली उतरली होती. शेवटच्या ओळीतलं एक अक्षर चुकलं, म्हणून ते खोडायला गेलो. बूच शर्टाच्या खिशात होतं.